न झालेल्या भांडणाचे दोन पंच

पेणला माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणारा माणूस समजूतदार असतो, असा आमच्या मोहल्ल्याच्या जमातीचा एक जुना गैरसमज आहे. तो मी कधी दूर केला नाही, कारण माझ्याबद्दलचे बरे गैरसमज तसे थोडेच आहेत. पण त्यामुळेच एका जुम्म्याला, नमाज आटोपून मी मशिदीच्या पायरीवर चपला शोधत असताना जमातीच्या सदरसाहेबांनी, म्हणजे अध्यक्षांनी, मला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"पुतण्याचा मामला कानावर आला ना?"

आला होता. माझा सगळ्यात मोठा भाऊ नुकताच वारला होता. भाभी इद्दतमध्ये होती, म्हणजे नवऱ्यामागे विधवेनं चार महिने दहा दिवस घरातच राहायचं असतं, त्यात. त्यांचा एकुलता एक मुलगा नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत शिफ्टला जातो. आणि त्याची बायको बॅग भरून रोह्याला माहेरी निघून गेली होती. परत यायचं नाव नाही, कारण सांगायचंही नाव नाही. शेवटी तिच्या वडिलांचा निरोप आला होता: मामला मिटवा, नाहीतर आम्ही खुला मागू. खुला म्हणजे बायकोनं मागितलेली सोडचिठ्ठी. लग्नाला अजून दोन ईदसुद्धा धड झाल्या नव्हत्या.

"आपल्यात रीत आहे," सदर म्हणाले. "असं झालं की दोन पंच नेमायचे. एक नवऱ्याच्या घरचा, एक बायकोच्या घरचा. त्यांच्याकडून मुलीचे मामू ठरलेत. आपल्याकडून तुम्ही."

"मीच का?" मी विचारलं. मला वाटलं, आता दोन शब्द चांगले ऐकायला मिळतील.

"तुमचा मधला भाऊ कुवेतला. धाकटा पंच झाला तर आणखी दोन पंच लागतील. राहिलात तुम्ही."

इमामसाहेबांनी मग मला आत बसवून दोन गोष्टी समजावल्या. पहिली गोष्ट: जोडायला जायचं आहे, खोदायला नाही. कोणाचं काय चुकलं हे उकरत बसू नका, लोकांच्या घरातलं झाकलेलं उघडं करणं आपल्या दीनमध्ये, धर्मात, बसत नाही. दुसरी गोष्ट: दोन माणसांत सुलह, म्हणजे समेट, करणारा एखादी बरी गोष्ट थोडी वाढवून इकडून तिकडे सांगतो, तेव्हा तो खोटारडा ठरत नाही.

पहिली गोष्ट माझ्या एका कानातून दुसऱ्या कानात जाईपर्यंत दुसरी आत येऊन बसली होती. आयुष्यभर मी थापा मारल्या त्या विनापरवाना. आता पहिल्यांदा परवाना हातात आला!

पण खोदायचं नाही हे फार अवघड होतं. बंद डबा दिसला की कानाशी नेऊन हलवून बघणारा माणूस मी. पोरगी का गेली, हे कळल्याशिवाय मला जेवण जाईना. म्हणून मी ठरवलं, खोदायचं नाही, फक्त जरा टोकरून बघायचं.

पुतण्या सेकंड शिफ्ट करून आलेला, खाटेवर आडवा पडून मोबाईल बघत होता.

"काय झालं होतं रे?"

"काय नाय."

"काहीतरी झालंच असेल."

"चाचा, खरंच काय नाय झालं. मी शिफ्टवरून आलो तर ती बॅग भरून बसलेली. बोलली, रोह्याला जाते. मी बोललो, जा."

"थांबवलं नाहीस?"

"ती थांबव बोललीच नाय."

मी कपाळाला हात लावला. लग्न झालेल्या माणसाला कळेल मी का लावला ते.

मग भाभी. मी चड्डीत फिरत होतो तेव्हा भाभी लग्न होऊन आमच्या घरात आली. माझं नाक तिनं पुसलंय, माझे कानही तिनंच उपटलेत. आता इद्दतमुळे ती आतल्या खोलीत पडद्याआड आणि मी बाहेर स्टुलावर. पडद्याशी बोलायची मला सवय नाही. मी बोलताना हातवारे करतो, ते सगळे फुकट गेले.

"भाभी, तुम्ही सुनेला काही बोललात का?"

"मी? लेकीसारखी वागवली तिला. कधी आवाज चढवला नाय. विचार मोहल्ल्याला."

"मग ती गेली का?"

"पंच तू का मी?" पडदा म्हणाला. मग जरा नरम आवाजात, "आता बघ, घरात आल्यागेल्याला चा द्यायला पण कोण नाय."

मला फार वाईट वाटलं. दुखवट्याचं घर, एकटी बाई आणि सून माहेरी बसलेली. आमच्या बाजूचा हा चांगला मुद्दा म्हणून मी तो मनात पक्का केला. तो कुणाच्या बाजूचा होता हे कळायला मला बरेच दिवस लागले.

रोह्याला एसटीनं गेलो. दुसरे पंच, म्हणजे मुलीचे मामू, स्टँडवर घ्यायला आले होते. त्यांची भाताची गिरण आहे. उंच, मेंदी लावलेली दाढी आणि गिरण चालू असताना बोलून उपयोग नसतो म्हणून की काय, बोलण्याची सवयच मोडलेली.

"आलात?"

"आलो."

"चला."

संपलं. कुंडलिकेच्या बाजूनं त्यांच्या घरापर्यंत चालत गेलो तेवढ्यात मी हवा, हायवेचं काम, पोह्यांचा दर्जा असे सगळे विषय काढून पाहिले. प्रत्येकाला उत्तर एकच, "व्हय." मला वाटलं, असा माणूस काय डोंबल पंचाईत करणार.

मुलीचे वडील तापलेले होते. "पोरगी एक शब्द बोलत नाय," ते म्हणाले. "एक शब्द! म्हणजे केवढं सोसलं असेल विचार करा." मी विचार केला. माझी बायकोही अधूनमधून बोलत नाही. पण तो मुद्दा मी तिथं काढला नाही.

मुलगी सरबत घेऊन आली. डोळ्यांवरून माणूस ओळखायचा माझा धंदा, म्हणून नीट पाहिलं. रडलेले डोळे नव्हते. भरपूर झोप झालेल्या माणसाचे होते. त्याचा अर्थ मी लावला घमेंड. सलाम झाला, खुशाली झाली, मग तिनं हळूच विचारलं,

"चाचा, त्यांना आता कुठली शिफ्ट हाय?"

मी परवाना बाहेर काढला.

"कसली शिफ्ट घेऊन बसलीस बेटा! तो जेवत नाही, झोपत नाही. परवा कंपनीत चक्कर येऊन पडला."

तिनं ट्रे तसाच खाली ठेवला. "पडले? लागलं?"

हे मी ठरवलेलं नव्हतं. पण पडलेला माणूस कुठेतरी लागणारच. "डोक्याला," मी म्हणालो. "जरासंच."

परवाना मिळाला म्हणून कोणाला गाडी चालवता येत नाही, हे मला तिचा चेहरा बघून कळायला हवं होतं. पण मी खुशीत परत आलो. येताना वाटेत गडब गावाला उतरून ताज्या काकड्यासुद्धा घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मामू त्यांच्या बाजूनं पेणला येऊन गेले. मी दुकानात होतो, गाठ पडली नाही. मधोमध बरं पडेल म्हणून आम्ही दोघांनी नागोठण्याला भेटायचं ठरवलं. अंबा नदीच्या पुलाअलीकडे एक हॉटेल आहे, तिथं. मी पोचलो तेव्हा मामूंपुढे कांदाभजीची बशी होती आणि ते ती अर्धी माझ्याकडे सरकवत होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. रोह्याची मुलगी.

"चाचा, अस्सलामु अलैकुम. एक विचारायचं होतं. ह्यांच्या डोक्याला कुठल्या बाजूला लागलंय?"

"वालैकुम अस्सलाम. डाव्या," मी म्हणालो.

"चाचा," फोनमधून पुतण्याचा आवाज आला, "मी पण लाइनवर हाय."

मी उचललेलं भजं बशीत परत ठेवलं.

"आणि मामू तिथंच आहेत ना?" मुलगी म्हणाली. "स्पीकर लावा. मामू, मला सलाईन कुठल्या हाताला लावलेलं?"

मी मामूंकडे बघितलं. मामूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "डाव्या."

मग कळलं. ज्यांच्या तोंडून 'व्हय'च्या पुढे काही निघत नव्हतं, त्या मामूंनी पुतण्याला सांगितलं होतं की पोरगी तापानं फणफणलीय, बरळताना सारखं त्याचं नाव घेते, डॉक्टरनं सलाईन लावलं. मी मारलेली थाप त्यापुढे बालवाडीतली होती. त्यांच्या मशिदीतही तीच सवलत समजावून दिली होती. फक्त दोन पंचांनी आधी एकमेकांना विचारून घ्यावं, हे दोन्हीकडे सांगायचं राहून गेलं होतं.

तिकडे डोक्याला लागलं म्हणून तिनं त्याला फोन केला, आणि सलाईन लागलं म्हणून त्यानं तिला. बराच वेळ दोघांना दोघांचा फोन बिझी लागत होता. लागला तेव्हा दोघं एकमेकांना आधी तू कसा, आधी तू कशी, करत बसले. आता दोघं लाइनवर हसत होते. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

"झालं आपलं काम!" मी मामूंना टाळी द्यायला हात पुढे केला.

मामूंनी टाळी घेतली नाही. "येते का, ते विचारा."

"काय बेटा, मग कधी येतेस पेणला?"

फोनमधलं हसणं थांबलं.

"नाय चाचा," ती म्हणाली.

एवढं सगळं करून आम्ही परत पहिल्याच पायरीवर. तिचे वडील खुला मागायला बसलेले, जमात आमच्या तोंडाकडे बघत असलेली. आणि मग मला विचारू नको म्हणून बजावलेला प्रश्न मी विचारला. टोकरून नाही, सरळ.

"का गो पोरी?"

"कोणावर राग नाय चाचा. अम्मी कधी वाकडं बोलल्या नाय. हे पण नाय." सासूसासऱ्यांना ती अम्मी, अब्बा म्हणायची. "अब्बा गेले तेव्हा तीन दिवस मोहल्ल्यातून जेवण आलं. आपल्या घरात चूल पेटली नाय. चौथ्या दिवशी जेवण यायचं बंद झालं, पण माणसं यायची थांबली नाय. सकाळी कोण, दुपारी कोण, मुंबईची माणसं आली ती जेवूनच जाणार. अम्मी आतून सांगणार, बेटा लांबून आलेत, चा टाक. त्यात ह्यांच्या शिफ्टचा डबा. सगळे ओट्यावर बसून अब्बांच्या गोष्टी सांगायचे, रडायचे. मी आत कप धूत असायची. मला ते बेटा बोलायचे चाचा. बाजारातून आले की आधी मला हाक मारायचे. मला त्यांच्यासाठी एकदा बसून रडायला मिळालं नाय. म्हणून रोह्याला आले. आल्यावर रडले, मग झोपले. उठले, परत झोपले."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाला बोलू? अम्मीला? त्यांचा नवरा गेलाय."

पुतण्या म्हणाला, "मला वाटलं, घरात एवढी माणसं, तुला सोबत हाय."

फोन ठेवला. एवढे दिवस मी ज्या भांडणाचं कारण टोकरत होतो, ते भांडण झालंच नव्हतं. त्या ओट्यावर बसणाऱ्यांत मीही होतो, माझी बायकोही. घरी गेल्यावर तिला सांगितलं तर तीही कोड्यात पडली. "पहिले तीन दिवस मी होतेच की तिथं," ती म्हणाली. "मग वाटलं, सून हाय ना." दोनचार घरी सहज विचारलं. सगळीकडे हेच: सून हाय ना.

त्या दिवशी हॉटेलातून निघताना मामू त्यांच्या मानानं भाषण म्हणावं इतकं बोलले होते. "ह्या दोघांना काय सांगायचं? सांगायचं ते मोहल्ल्याला."

इमामसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि टोपी काढून परत घातली. "मयतीच्या घरी जेवण पोचवायचं, अशी आपली रीत," ते म्हणाले. "आपण ती उलटी केली. मयतीच्या घरी जेवायला जातो." मग हळूच, "माझाही चहा झालाय तिथं."

पुढच्या जुम्म्याला त्यांनी कोणाच्या घराचं नाव न घेता सांगितलं: दुखवट्याला जा, दुआ करा, थोडक्यात उठा. खाणंपिणं घ्यायचं नाही, न्यायचं. आणि इद्दतमधल्या बाईला सोबत करणं एकट्या सुनेचं काम नाही, मोहल्ल्याचं आहे.

लोकांनी ऐकलं. जरा जास्तच ऐकलं. दुसऱ्या दिवशी भाभीकडे इतके डबे आले की ठेवायला जागा नाही, आणि निम्म्याहून जास्त डब्यांत खिमाच. त्याच्या दुसऱ्या दिवशी एकही नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, काल एवढं गेलंय. मी शहाणपणानं पाळ्यांचा एक तक्ता करायला घेतला. बायकोनं तो बघितला आणि गरम पातेल्याखाली सारला. बायकांनी आपसांत ठरवून टाकलं, दुपारी कोण, संध्याकाळी कोण, आणि ते ठरलं कधी हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. गडबकडची एक मावशी वर्षानुवर्षं भाभीला मीठ आणि सुकी मासळी आणून देते. तिच्या कानावरही गेलं. ती टोपली दारात ठेवून सरळ आत शिरली.

"मावशी, तुम्ही कशाला?" पडद्याआडून भाभी.

"मी नवी हाय का गो तुझ्या दारात? चूल कुठं हाय ती दाखव. भाकऱ्या टाकते नि जाते."

सगळं जमत आलं होतं, अडलं ते भाभीपाशी. "माझ्या दारातून माणूस कोरडा जाणार?" ती म्हणाली. "लोक काय बोलतील? तो गेला, त्याच्याबरोबर घराची रीत पण गेली. नाय. माझी सून येऊ दे, पण मी चा बंद करायची नाय."

म्हणजे मुलगी आली तरी परत तेच. आणि हे तिकडे कळलं असतं तर ती आलीच नसती. मामू खास त्यासाठी पेणला आले. आम्ही दोघं पडद्यापुढे बसलो. मी परवाना परत बाहेर काढत होतो, "भाभी, ती पोरगी तुमच्यासाठी इतकी" एवढं म्हणालोही, पण मामूंनी माझ्या मांडीवर हात ठेवला.

"बहेन," ते म्हणाले, "पोरगी बोलते, अब्बांसाठी रडायला वेळ मिळाला नाय."

पडदा हलला. भाभी जवळ सरकली होती.

"मला वाटलं," भाभी म्हणाली, "ती रडत नाय, म्हणजे..." नाक ओढल्याचा आवाज आला. "रुसलेल्या सुनेला आणायला सासूनं जायचं असतं. मला उंबरा ओलांडता येत नाय. तो फोन लावून दे."

फोन पडद्याखालून आत सरकवला. दोघी खूप वेळ बोलल्या. काय बोलल्या हे ऐकायला मी स्टूल हळूहळू पडद्याकडे सरकवत होतो. मामूंनी मला बाहीला धरून ओट्यावर नेलं, आणि बाही सोडली नाही. त्यामुळे या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला सांगता येत नाही.

पुतण्या सुट्टीच्या दिवशी तिला मोटरसायकलवर घेऊन आला. आम्ही दोन्ही पंच हजर होतो. ती आत जाऊन भाभीच्या पायाशी टेकते न टेकते, तोच दारात रिक्षा थांबली. महाडची माणसं. लांबचे नातेवाईक, दुखवट्याला पहिल्यांदाच आलेले. त्यांना इथला जुम्मा माहीत असण्याचं कारण नव्हतं. घामेजलेले येऊन ओट्यावर बसले.

"बेटा..." आतून भाभीचा आवाज आला. सवयीचाच.

पडद्याच्या फटीतून मला मुलगी दिसत होती. तिचा एक हात जमिनीवर टेकला होता, उठायला. तीही सवयच. पुतण्या दारात उभा होता, पुढे येऊ की नको अशा विचारात. मामूंनी डोळे मिटले होते. मला वाटतं ते काहीतरी पढत होते.

"बेटा," भाभी म्हणाली, "तू बस. हितं, माझ्याजवळ." आणि मग आवाज चढवून, "अरे ए पंच! काय ऐकत बसलास? उठ, लांबून माणसं आलीत. चा टाक."

दोन पंच होते. मामूंनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, म्हणजे मीच.

स्वयंपाकघरात गेलो. पातेलं सापडलं, दूध चढवलं, पावडर सापडली, साखर सापडेना. तांदळाच्या डब्यात बघितलं, डाळीच्या डब्यात बघितलं, जे जे डबे होते ते हलवून बघितले.

"साखर कुठं आहे?" मी ओरडलो.

"वरच्या..." मुलगी सांगायला लागली.

"शोधू दे त्याला," भाभी म्हणाली. "त्याला आवड हाय शोधायची."

आतून हसण्याचा आवाज आला, आधी एकीचा, मग दोघींचा. मग भाभी माझ्या भावाचं काहीतरी सांगायला लागली, बाजारातून आल्यावर पिशवी कुठं टाकायचा ते. मुलगी म्हणाली, "नाय अम्मी, आधी हाक मारायचे, मग टाकायचे." आणि मग दोघी रडायला लागल्या. बराच वेळ. बाहेर महाडच्या माणसांपैकी कोणी चहाचं नाव काढलं नाही. माझ्या मागे दूध उतू गेलं, ते मी तसंच जाऊ दिलं.